प्रत लावणाऱ्या फळीची कैफियत

मित्रांनो, तांदळाची प्रत असते, कापसाची प्रत असते, पेटीतल्या आंब्यांचीही प्रत असते, हे तुम्ही जाणता. परंतु माणसांचीही प्रत लावली जाते आणि ती एका फळीवर कागद अडकवून लावली जाते, हे तुम्हांस कदाचित ठाऊक नसेल. ती फळी म्हणजे मी. आता मी जुनी झाले आहे. माझे कोपरे झिजून गोल झाले आहेत, डोक्यावरचा पोलादी चाप गंजला आहे आणि पाठीवर चहाच्या कपाचे वर्तुळ कायमचे उमटले आहे. म्हाताऱ्या वस्तूने शांत असावे, असे म्हणतात. मी मात्र शांत नाही. खरे सांगते, मी वैतागलेली आहे, आणि का वैतागले ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

माझा जन्म लीड्स शहराजवळच्या एका कारखान्यात झाला. लाकडाचा भुसा दाबून मला घडवले. त्या भुशात उंची ओक होता, साधा पाइन होता, फळांच्या मोडक्या खोक्यांचे लाकूडही होते. कोणाची प्रत कोणती, असे त्या दाबयंत्राने कोणासही विचारले नाही. सर्वांना एकत्र दाबले आणि एक फळी केली. या गोष्टीचे मोल मला फार पुढे कळले.

लोकांची मते गोळा करणाऱ्या एका कंपनीने मला विकत घेतले आणि मॅव्हिस ओल्डरॉयड या बाईंच्या स्वाधीन केले. मॅव्हिसबाई रॅथर्टन गावच्या. एके काळी हे गाव लोकरीच्या गिरण्यांनी गजबजलेले होते. आता गिरण्यांची धुराडी तेवढी उभी होती, आणि त्यांतून धूर निघत नव्हता. बाईंचे यजमान क्लिफर्ड बस चालवीत. बाई अंगाने ठेंगण्या, चालण्यात चपळ आणि बोलण्यात गोड होत्या. त्यांनी दार ठोठावले की कुत्रासुद्धा भुंकण्याआधी विचार करी.

आरंभीची वर्षे सुखाची गेली. कोणता साबण आवडतो, बिस्किट चहात बुडवता की कोरडे खाता, असले प्रश्न आम्ही विचारीत असू. लोक आनंदाने उत्तरे देत. कंपनीने एकदा बाईंचा गौरव केला, तेव्हा त्या मला छातीशी धरून व्यासपीठावर गेल्या. टाळ्या वाजल्या. त्यातील निम्म्या माझ्या, असे मी मानले.

पुढे साबण मागे पडला आणि राजकारण आले. त्याबरोबर माझ्या कागदावर 'काम काय?' असा एक नवा चौकोन आला. उत्तर देणारा कोणत्या वर्गातला, ते त्या चौकोनावरून कंपनीच्या लीड्सच्या कचेरीत ठरवीत. सर्वांत वर ए, मग बी, मग सी-वन, सी-टू, डी, आणि तळाला ई. सी-वन आणि सी-टू यांच्यामध्ये एक अदृश्य भिंत होती. भिंतीच्या वर असलेले सारे मध्यमवर्गीय, खाली असलेले सारे कष्टकरी. ही प्रत पैशावरून लावीत नसत, घरावरूनही नाही, शिक्षणावरूनही नाही. घरात जो सर्वांत अधिक मिळवतो, त्याचे काम काय, एवढ्यावरूनच अख्ख्या घराची प्रत लागे. जो म्हातारा केवळ सरकारी पेन्शनवर जगे, तो आयुष्यभर काहीही करीत असो, ई.

नियम ऐकायला सोपा वाटतो. पण तो दारात उभे राहून विचारून पाहा!

"या घरात सर्वांत जास्त कोण मिळवतं?" बाई विचारीत.

"मी," दारातला नवरा छाती काढून म्हणे.

"कधीपासून?" आतून, कढईतल्या चरचरीवर मात करीत, बायकोचा आवाज येई.

"म्हणजे... साधारण मीच."

"साधारण म्हणे! बाई, माझा पगार लिहा. आणि त्यांना म्हणावं, दार लावून घ्या, वाऱ्यानं शेगडी विझतेय."

असल्या भांडणात मी पाऊसवाऱ्यात ताटकळत असे, आणि त्या घराचा वर्ग नवरा-बायकोच्या तंट्यावर लोंबकळत असे. तरी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येई की, मध्यमवर्गाला अमुक वाटते आणि कष्टकऱ्यांना तमुक वाटते. जणू मध्यमवर्ग नावाचा कोणी गृहस्थ सकाळी कचेरीत येऊन आपले म्हणणे सांगून गेला होता!

असो. आता मुख्य हकिकत सांगते.

रॅथर्टनच्या मध्यभागी एक जुना तरणतलाव आहे. छप्पर काचेचे, भिंतींना हिरव्या फरशा, आणि पाणी कोमट. नगरपालिकेचा विचार तो बंद करण्याचा होता. नगरसेविका ऑनर ब्रेथवेट या त्या विचाराच्या पुढारी होत्या. त्यांचे वडील गिरणीत कोळसा भरीत, आणि ही गोष्ट त्या प्रत्येक भाषणात दोनदा सांगत. त्यांनी जाहीर केले, "मी कष्टकऱ्याची मुलगी आहे. कष्टकरी जे म्हणतील तेच मी करीन. हवं तर कौल घ्या." मग कौल घेण्याचे काम आमच्या कंपनीकडे आले, आणि रॅथर्टनचा भाग मॅव्हिसबाईंकडे.

प्रश्न ठरून आला होता: 'कर वाढला तरी तलाव चालू ठेवावा काय?' कर किती वाढेल, एक पेनी की शंभर पौंड, याविषयी अक्षरही नव्हते. लोक विचारीत, "किती वाढणार, बाई?" बाई म्हणत, "ते दिलेलं नाही." लोक म्हणत, "मग आम्ही काय सांगावं?" बाई म्हणत, "हो किंवा नाही." मित्रांनो, न दाखवलेल्या माशाचा भाव ठरवण्यासारखेच हे होते.

कंपनीला काही वयस्क पुरुषांची मते हवी होती. दुपारच्या वेळी ते घरी कोठून सापडणार? ते सारे कामकरी क्लबात बसत. हा क्लब गिरणीच्या मजुरांनी आपापल्या पगारातून विटा आणून बांधलेला. तेथे स्वस्त बिअर, शनिवारी गाणे आणि रोज दुपारी डॉमिनोचा खेळ. बाई मला घेऊन तेथे गेल्या.

तेथे लेन सग्डेन बसला होता. लेनने गिरणीत लोकर धुण्याच्या हौदांवर काम केले होते. ओल्या जमिनीवर उभे राहून राहून त्याचे गुडघे कामातून गेले होते. रस्त्याने तो काठी टेकीत, भिंतीला धरीत चाले. परंतु रोज सकाळी तलावाच्या पाण्यात उतरला की तो ताठ उभा राही आणि पंचविशीतल्या गड्यासारखा हात मारीत जाई. तो म्हणे, "पाण्यात गेलं की गुडघे मला विसरतात." डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या त्याने कधीच मांजराच्या बशीजवळच्या फडताळात टाकून दिल्या होत्या. तलाव हेच त्याचे औषध होते. तलाव बंद झाला असता, तर लेन खुर्चीत बसला असता, आणि पुन्हा उठला नसता. ही गोष्ट गावात सर्वांना ठाऊक होती.

"नाव?" बाईंनी विचारले.

"मॅव्हिस, माझ्या लग्नात तू फुलं उधळत पुढं चालली होतीस. आता नाव विचारतेस होय?"

"नियम आहे, लेन."

"लिही मग. लेनर्ड सग्डेन."

"काम काय करतोस?"

डॉमिनोच्या सोंगट्या टेबलावर थबकल्या. लेनने कोटाच्या कॉलरवरचा मीनाकारीचा बिल्ला अंगठ्याने पुसला.

"सेक्रेटरी."

"लेन..."

"सेक्रेटरी, रॅथर्टन कामकरी क्लब. बिल्ला दिसत नाही का तुला?"

"दिसतो रे. पण निवृत्त असं लिहू ना?"

"निवृत्त?" लेन शेजारच्या विल्फकडे वळला. "ऐकलंस का? शनिवारचा गवई ठरवायचा, लेन. बिअरची पिंपं मोजायची, लेन. गटार तुंबलं, बोलवा लेनला. दोन बायका एका खुर्चीवरून भांडल्या, बोलवा लेनला. आणि निवृत्त म्हणे!"

"बरं. हाताखाली किती माणसं?"

"चारशे सभासद. आणि एक जण ऐकेल तर शपथ."

"मी खजिनदार," विल्फ मध्येच बोलला. "ठळक लिही, पोरी. बायको मला ट्रामच्या तिकिटाचे पैसेसुद्धा मोजून देते, पण खजिनदार मीच."

"ट्राम बंद होऊन जन्म गेला, विल्फ," तिसरा म्हणाला.

"म्हणूनच पैसे शिल्लक आहेत!"

सारे हसले. परंतु मित्रांनो, त्या हसण्याखाली काय होते ते मी जाणत होते, कारण बाईंचा हात माझ्यावर जड झाला होता. या गावात माणसाची ओळख कामावरून होई. कबरीच्या दगडावरसुद्धा नावाखाली 'विणकर', 'रंगारी' असे कोरीत. गिरणी बंद पडली आणि ते शब्द गेले. कोणी विचारले, "तू काय करतोस?" तर "काही नाही" हे उत्तर त्या पुरुषांच्या तोंडातून निघत नसे. म्हणून क्लबाने दिलेले शब्द त्यांनी धरून ठेवले होते. कोणी सेक्रेटरी, कोणी खजिनदार, कोणी गायन-सेक्रेटरी. खोटे कोणीच बोलत नव्हते.

नियम असा की, उत्तर देणाऱ्याच्या तोंडचे शब्द तसेच लिहावेत. बाईंनी तसेच लिहिले. परंतु प्रत्येक कागदाच्या समासात बारीक अक्षरात एक टीप घातली: 'हे मानाचे पद आहे. हे गिरणीचे जुने मजूर.' त्या पेनाचे टोक मला आजही जाणवते. तलाव हवा काय, या प्रश्नाला क्लबातल्या सर्वांनी एकमुखाने "हो" म्हटले. लेनने तर टेबलावर मूठ आपटली, आणि विल्फचा जिंकत आलेला डाव उधळला गेला.

त्यानंतर आम्ही केली-ॲन या मुलीकडे गेलो. ती सट्ट्याच्या दुकानावरच्या एका खोलीत राही आणि दिवसभर कानाला यंत्र लावून कोणा दूरच्या विमा कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या शिव्या खाई. तिचे लहान मूल तलावात पोहायला शिकत होते. तिनेही "हो" म्हटले. कचेरीत बसून काम करते म्हणून तिची प्रत सी-वन लागणार, हे बाईंनी सांगताच ती पोट धरून हसली.

"मी मध्यमवर्गीय? थांबा, आईला फोन करते. म्हणते, आई, तुझी लेक मोठी झाली, चादरी वाळत घालायला बाग तेवढी पाठव."

आणि मग गॅरी पिकर्सगिल. गावातल्या निम्म्या घरांची छपरे त्याने शाकारली होती. तीन गाड्या, नवी विटांची कोठी आणि स्पेनमध्ये समुद्राकाठी दुसरे घर. हिवाळ्यातही त्याचे तोंड भाजलेल्या पावासारखे तांबूस असे. माणसे तो कामापुरती रोजावर घेई, म्हणून कागदोपत्री हाताखाली नोकर कोणी नाही. अंगमेहनतीचा कसबी कारागीर, तेव्हा प्रत सी-टू. अर्थात भिंतीच्या खाली. कष्टकरी!

"कर वाढवायचा? नाव नको," गॅरी म्हणाला. "मला पोहायचं तर मी स्पेनला पोहतो."

"आणि वर्ग?" बाईंनी उगीच विचारले.

"मी कामगार आहे, मॅव्हिस. पहिल्यापासून कामगार, शेवटपर्यंत कामगार. हे हात बघ."

त्याने हात दाखवले. घट्टे खरोखर होते. सोन्याची साखळीही होती.

थोड्या दिवसांनी गावच्या वर्तमानपत्रात मथळा आला: 'तलाव हा सुखवस्तूंचा छंद, कष्टकऱ्यांना नको'. खाली लिहिले होते की, उच्च वर्गांतील लोक तलावाच्या बाजूने ठाम आहेत, तर कष्टकरी वर्गात विरोध अधिक आहे. मित्रांनो, ज्याचा धंदा कौले बसवण्याचा, त्याचाच कौल साऱ्या कष्टकऱ्यांच्या नावाने छापून आला!

लेनने तो मथळा तलावाच्या काठावर, ओल्या हातांनी वाचला.

"सुखवस्तू म्हणजे कोण गं? मी तर इथं कोणी पाहिला नाही. पाण्यात मी, विल्फ आणि ती केली-ॲनची पोर."

बाईंनी मला पिशवीत घातले आणि लीड्सची बस धरली.

कचेरीत मिस्टर पेनहॅलो नावाचे तरुण गृहस्थ होते. ते दक्षिणेकडचे, स्वभावाने सभ्य, आणि टाय फार घट्ट बांधलेला.

"मिसेस ओल्डरॉयड, उत्तम काम केलंत," ते म्हणाले. "तुमच्या भागात एवढे वरच्या प्रतीचे लोक सापडतील अशी आम्हाला कल्पना नव्हती. क्लबाचे सेक्रेटरी, खजिनदार. एकांच्या हाताखाली तर चारशे माणसं!"

"कसला क्लब वाटला तुम्हाला?"

"गोल्फचा, नाही का?"

बाईंनी मला पिशवीतून काढून त्यांच्या टेबलावर असे आदळले की माझा चाप उघडला.

"गोल्फ? अहो, तिथल्या लोकांची काठी चेंडू मारायची नव्हे, टेकायची! तो कामकरी क्लब आहे. समासात लिहिलं होतं मी."

पेनहॅलोंनी कागद काढून समास पाहिला. त्यांचे कान लाल झाले. "समास यंत्र वाचत नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "पण दुरुस्ती करता येईल. मात्र ज्याचं काम, त्याच्याच तोंडून ती यायला हवी. शेजारणीचं सांगणं चालत नाही. मंगळवारी मी नगरपालिकेच्या सभेत आकडे मांडणार आहे. त्या माणसांनी तिथं उभं राहून सांगितलं, तर मी पुन्हा मोजीन."

हे सांगायला बाई लेनकडे गेल्या. तलावासमोरच्या दुकानात तो बटाट्याचे तळलेले काप व्हिनेगर ओतून खात होता. त्याने सारे ऐकून घेतले आणि कागदाचा पुडा बाजूला सारला.

"म्हणजे मी साऱ्या गावासमोर उभा राहून सांगायचं, की मी सेक्रेटरी नाही?"

"सेक्रेटरी आहेसच. पण ते पोटाचं काम नव्हे, एवढंच सांगायचं."

"ई म्हणजे काय गं नक्की? ए, बी, सी, सी, डी, मग ई. पुढं काही आहे?"

"नाही."

"म्हणजे तळ."

"तळ तर तलावालाही असतो, लेन. तळ नसला तर बुडशील."

"शहाणपण नको शिकवूस." त्याने बिल्ला मुठीत धरला. "हौदावर जन्म गेला माझा. तेव्हा कोणी नाव विचारलं नाही, नंबर होता. त्या क्लबानं मला नाव दिलं. तेवढं एक आहे माझ्याजवळ, तेही काढून द्यायचं?"

गुडघे वाचवायचे तर नाव सोडायचे, आणि नाव राखायचे तर गुडघे. हा पेच एका चौकोनाने घातला होता, आणि तो चौकोन माझ्याच छातीवर छापलेला होता. मला त्या क्षणी चुलीत जावेसे वाटले.

मंगळवारी सभागृह भरले होते. मॅव्हिसबाई मला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मागच्या रांगेत गॅरी होता. क्लबाची मंडळी कोट घालून आली होती. ऑनरबाईंनी वडिलांच्या कोळशाचा उल्लेख दोनदा केला आणि म्हणाल्या, "कष्टकऱ्यांचं म्हणणं स्पष्ट आहे. मी त्यांच्याविरुद्ध जाणार नाही. तलाव बंद."

मग लेन उठला. उठायला त्याला वेळ लागला. विल्फ हात द्यायला गेला, तो त्याने झिडकारला.

"आपण?" ऑनरबाईंनी विचारले. पेनहॅलोंनी त्यांच्या कानात काही सांगितले. "अच्छा, मिस्टर सग्डेन. या कौलाप्रमाणे आपण ए वर्गात आहात. अभिनंदन."

हशा पिकला. गॅरी सर्वांत मोठ्याने हसला. "लेन, तुझी बग्गी बाहेर चुकीच्या जागी उभी आहे बघ!"

लेन हसला नाही. त्याने बिल्ला काढला. टाचणी गंजली होती, आणि ती निघेपर्यंत साऱ्या सभागृहाला थांबावे लागले. बिल्ला त्याने खिशात ठेवला.

"मी लोकर धुवायचो," तो म्हणाला. "खालच्या हौदावर. गिरणी बंद झाली. सरकारी पेन्शन मिळते, दुसरं काही मिळत नाही. सेक्रेटरी मला माझ्या माणसांनी केलं. त्याचं वर्षाकाठी एक टर्की कोंबडं मिळतं, नाताळात. त्यावर पोट भरत नाही. मला या मॅडमना एवढंच सांगायचं होतं."

त्याच्यामागून विल्फ उठला. मग बाकीचे. एकेकाने आपापला शब्द खाली ठेवला.

"म्हणजे, मिस्टर सग्डेन, आपण ई वर्गात येता," पेनहॅलो कागदावर खूण करीत म्हणाले. त्यांच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती, पण दुसरे काय बोलावे हे त्यांना शिकवलेलेच नव्हते.

"मी लेन," लेन म्हणाला. आणि खाली बसला.

पेनहॅलोंनी तेथेच पुन्हा मोजणी केली. क्लबाची मंडळी वरच्या खणातून खालच्या खणात आली, आणि कौल उलटा झाला. दुसऱ्या आठवड्यात त्याच वर्तमानपत्रात मथळा आला: 'कष्टकऱ्यांचा तलावाला ठाम पाठिंबा'. ऑनरबाई आपल्याच शब्दात सापडल्या. तलाव वाचला.

गावात आनंद झाला. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला तो संतापच. मित्रांनो, विचार करा. एकाही माणसाने आपले मत बदलले नव्हते. आधी ज्याने "हो" म्हटले तो "हो"च म्हणत होता, आणि गॅरी "नाही"च म्हणत होता. केवळ खण बदलले आणि साऱ्या गावाचे मन बदलले असे छापून आले! गावातल्या बहुतेक माणसांना तलाव हवा होता, हे पहिल्या दिवसापासून माझ्या कागदांवर लिहिलेले होते. ते कोणी वाचलेच नाही. सर्वांना मत नको होते, प्रत हवी होती. आणि त्या प्रतीची किंमत एका म्हाताऱ्याने आपल्या कॉलरवरून काढून दिली.

लेनने बिल्ला पुन्हा लावला नाही. क्लबाच्या मंडळींनी पुष्कळ समजावले, "अरे, तू सेक्रेटरी आहेसच." तो म्हणे, "असेन." शनिवारचा गवई तो पूर्वीसारखाच ठरवी. पण कॉलर मोकळी राही, आणि त्या जागी कापडाचा रंग गडद दिसे.

त्यानंतर एकच काम आम्ही केले. न्याहारीच्या लापशीविषयी काही प्रश्न होते. यादीत लेनच्या गल्लीतली घरे आली. बाईंनी त्याचे दार टाळून पुढे जायचे ठरवले होते, पण तोच दारात उभा होता, काखेत गुंडाळलेला टॉवेल.

"मला सोडून चाललीस?"

"तुला त्रास नको म्हटलं."

"विचार. नियम आहे ना?"

बाईंनी माझा चाप दाबला. "काम काय करतोस, लेन?"

लेनने गल्लीच्या टोकाकडे, काचेच्या छपराकडे पाहिले.

"पोहतो," तो म्हणाला. "तोंडचे शब्द तसेच लिहायचे ना? लिही. पोहतो."

बाईंनी तसेच लिहिले. समासात या वेळी काही लिहिले नाही. लीड्सच्या कचेरीने त्या शब्दाची कोणती प्रत लावली, ते मला कधीच कळले नाही. कोणतीही लावली असेल तरी ती चुकीचीच असणार, याची मला खात्री आहे.

पुढे घरोघरी यंत्रे आली. लोक घरबसल्या पडद्यावर बोट दाबून मत देऊ लागले. ज्याला फावला वेळ आहे तो दाबतो, ज्याला नाही तो राहतो, आणि त्यालाही लोकमतच म्हणतात. माझी गरज उरली नाही. मॅव्हिसबाईंच्या जिन्याखाली, केरसुणी आणि फाटक्या छत्रीच्या संगतीत मी पडून राहिले. कोळ्याने माझ्या चापात जाळे विणले. त्याने मात्र मला वर्ग विचारला नाही, एवढे त्याचे उपकार.

मग एके दिवशी बाईंनी मला बाहेर काढले, पुसले आणि तलावावर नेले. आज मी तेथेच, तिकिटाच्या खिडकीशेजारी खिळ्याला टांगलेली आहे. रोज सकाळी माझ्यावर एक कागद लावतात, आणि त्यावर पाणी किती ऊन आहे तो आकडा लिहितात. तोही आकडाच आहे, मित्रांनो. परंतु तो मला आवडतो.

म्हणून निरोप घेण्याआधी एक विनंती करते. उद्या तुम्ही मोठे व्हाल आणि कोणी तुमच्यापुढे कागद नाचवून म्हणेल की, गरिबांना हे हवे आहे, श्रीमंतांना ते हवे आहे. त्याला लबाड म्हणू नका. बहुधा तो लबाड नसतो, टाय घट्ट बांधलेला एक भला माणूस असतो. पण त्याला विचारा: गरीब कोणाला म्हणालात? ते कोणी ठरवले, आणि कशावरून? प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला? जे घरी नव्हते त्यांचे काय? आणि समासात काही लिहिले होते काय? एवढे विचाराल, तर माझ्यासारख्या फळ्यांचा जन्म वाया गेला नाही असे मी समजेन.

आज सकाळी केली-ॲनची मुलगी पोहण्याच्या पोशाखात माझ्यासमोर उभी राहिली आणि डोळे बारीक करून आकडा वाचू लागली. काठी टेकीत लेन तिच्या मागून आला.

"लेनआजोबा, फळीवर लिहिलंय पाणी ऊन आहे. खरं असेल का?"

"फळीला काय कळतंय?" लेन म्हणाला. त्याने काठी माझ्याखाली भिंतीला टेकवून ठेवली. "चल. पाय घालून बघू."